वय तेच, गट वेगळा



मोमिनपुरा आणि कामठीत फुटबॉल घराघरांत आहे. पण मैदानात उतरण्याआधी मुलाची जन्मतारीख पाहिली जाते. शालेय क्रीडा स्पर्धांत गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. सुब्रोतो कपमध्ये लहान मुलांचा गट पूर्वी १४ चा होता, आता १५ चा आहे. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलासमोर वर्षाने मोठा खेळाडू उभा राहतो आणि शाळेला दोन वेगळे संघ बांधावे लागतात. अमेरिकेत गटाची तारीख १ जानेवारी केली, तेव्हा एका वर्गातले मित्र वेगळ्या संघांत गेले. आता २०२६ पासून तिथे पुन्हा १ ऑगस्ट धरणार आहेत.

नियम आपल्या हातात नाहीत, तयारी आहे. क्लबांनी हंगामाआधी पालकांना बोलवावे, प्रत्येक स्पर्धेची तारीख फलकावर लिहावी. पालकांनी जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. दाखला, शाळा आणि आधार यांत एकच तारीख असावी. वय कमी लावू नका, ती जागा दुसऱ्याच्या लेकराची असते. आणि जो मुलगा किंवा मुलगी गटाबाहेर जाईल, त्यांचा सराव थांबवू नका. त्यांना वरच्या गटात घ्या.