माशीला हाकलण्याआधी

आज आपण माशीबद्दल बोलणार आहोत. माशी म्हटली की पदर झटकायचा, एवढंच आपल्याला ठाऊक. पण आंब्याच्या मोहोरावर सकाळी नजर टाका. मधमाश्यांबरोबर तऱ्हेतऱ्हेच्या माश्याही दिसतील. त्या या फुलाचे पराग त्या फुलावर नेतात आणि त्यातून फळ धरतं.

हे काम माशी कधीपासून करते? त्याचा पुरावा राळेत मिळाला आहे. झाडाला जखम झाली की चिकट राळ पाझरते. आपला लाडवाचा डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. ती जमिनीखाली कोट्यवधी वर्षं राहून कडक होते. तिला अंबर म्हणतात. आपल्या शेजारी, सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या खाणीतही ५ कोटी वर्षांहून जुनं अंबर मिळालं आहे आणि त्यात कीटक जसेच्या तसे आहेत.

त्याहून जुनं अंबर उत्तर स्पेनमधल्या एल सोप्लाओ इथं सापडलं, सुमारे साडेदहा कोटी वर्षांपूर्वीचं. त्यातल्या लांब सोंडेच्या माशीच्या अंगावर परागकण चिकटलेले होते. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. गंमत म्हणजे ते पराग फुलझाडाचे नव्हते. सायकससारख्या दिसणाऱ्या, आता नामशेष झालेल्या झाडांचे होते. म्हणजे फुलझाडं सगळीकडे पसरण्याआधीच माश्या पराग वाहत होत्या. पुढे फुलझाडं वाढली, ती जुनी झाडं संपली आणि ती माशीही संपली. दोघांचं जगणं एकमेकांत गुंतलेलं होतं.

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, कारण कैरीच्या लोणच्यावर गटाचा हंगाम अवलंबून असतो. मोहोर भरगच्च आला तरी परागीभवन नीट झालं नाही तर फळ कमी धरतं. तुडतुड्यांचा बंदोबस्त करावाच लागतो. पण फवारणी मोहोर फुलण्याआधी उरकावी, फुलं उमललेली असताना टाळावी. फारच गरज पडली तर कृषी सहायकांना विचारून, संध्याकाळी करावी. कांद्याचं बियाणं धरणाऱ्या बहिणींनीही गोंडे फुलल्यावर हेच ध्यानात ठेवावं.

फवारणीचा निर्णय बऱ्याच घरांत पुरुष घेतात. म्हणून पंप खांद्यावर चढण्याआधी आपण एवढंच विचारू या : फुलं उमललीत का?