माती टाकली, सोने काढले



भंडाऱ्याहून साधारण 60 किलोमीटरवर, नागपुरात, एम्प्रेस मिल उभी होती. विटांच्या भिंती, उंच धुराडी. 1874 साली कंपनी निघाली, 1 जानेवारी 1877 ला गिरणी सुरू झाली. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूरच का धरले? कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा, दाराशी रेल्वे.

जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भराव पडू लागला, तेव्हा एका सावकाराने पैसा दिला नाही. हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे तो म्हणाला म्हणतात. पुढे त्यानेच कबूल केले, की टाटांनी माती टाकली आणि सोने काढले.

ते सोने आपल्या कापसाचे! क्विंटलभर कापसातून 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. आम्ही फक्त कापसाचा भाव विचारतो. रुई-सरकीचा हिशेब व्यापारी करतो. तुमसरच्या धान-तांदळाचेही तेच.

2002 साली गिरणी कायमची बंद झाली. तिच्या जागी आता मॉल आहे. लूट मात्र बंद झालेली नाही. म्हणून गाडी भरण्याआधी रुई-सरकीचा त्या दिवशीचा भाव गावच्या फळ्यावर लिहू, मगच सौदा करू.