जागं राहण्याचं औषध



आपल्याकडे देवीचा जागर होतो, खंडोबाचं जागरण होतं, एकादशीची रात्र भजनात सरते. जागं राहण्यात पुण्य आहे, ही समजूत आपल्या हाडीमाशी मुरली आहे. जपानातही तसंच आहे. तिथं बोधिधर्माची कथा सांगतात. भारतातून चीनला गेलेल्या या भिक्षूचा ध्यान करताना डोळा लागला. जाग आल्यावर त्यानं संतापून स्वतःच्या पापण्याच कापून टाकल्या. त्या पडल्या, तिथं चहाचं झाड उगवलं. कथा राहू द्या, पण झेन मठांतले भिक्षू चहा प्यायचे ते ध्यानात झोप येऊ नये म्हणूनच. एइसाई या भिक्षूनं १२११ साली चहावर ग्रंथ लिहिला, तोही औषध म्हणून.

आज मला बोलायचं आहे ते अशाच दुसऱ्या एका औषधाबद्दल.

नागाई नागायोशी हे बर्लिनमध्ये शिकून आलेले जपानी रसायनशास्त्रज्ञ. दम्यावर आणि खोकल्यावर चीन-जपानचे वैद्य 'माओ' नावाची काटकुळी वनस्पती देत. तिच्यातून नागाईंनी १८८५ साली एफेड्रिन वेगळं काढलं. याच कुळातल्या झुडपाच्या काड्या आपल्या मुंबईतले पारशी धर्मगुरू 'होम' म्हणून यस्न विधीत कुटतात. एका घरी पूजेला, दुसऱ्या घरी काढ्याला, अशी ती वनस्पती. १८९३ मध्ये नागाईंनी एफेड्रिनपासून मेथॅम्फेटामिन तयार केलं. त्याचं पुढं काय होणार, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

१९४१ साली दाइनिप्पोन कंपनीनं ते 'हिरोपोन' या नावानं बाजारात आणलं. नाव ग्रीक शब्दावरून घेतलेलं, अर्थ कष्टाची आवड. थकवा जातो, झोप उडते, अशी त्याची जाहिरात असे. महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत रात्रपाळीच्या कामगारांना ते दिलं गेलं, सैनिकांना आणि वैमानिकांनाही. वैमानिकांसाठी हिरव्या चहाच्या भुकटीत मिसळून गोळ्या केल्या होत्या. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. भिक्षूनं ध्यानासाठी प्यायलेला चहा आणि मरायला निघालेल्या विशीतल्या पोरांची गोळी, दोन्ही एकाच भुकटीत!

१९४५ मध्ये जपान युद्ध हरला. लष्कराच्या गोदामांतला हिरोपोनचा साठा बाजारात आला. शहरं जळालेली, धान्य नाही, निवारा नाही, आणि भूक मारणारं, झोप उडवणारं औषध मात्र दुकानात उघड मिळत होतं. मजुरांनी घेतलं, विद्यार्थ्यांनी घेतलं, लेखकांनी घेतलं. ओदा साकुनोसुके हा गुणी कादंबरीकार हिरोपोन टोचून घेऊन रात्र रात्र लिहीत असे. १९४७ च्या जानेवारीत, क्षयानं, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी तो गेला.

१९५१ मध्ये सरकारनं बंदीचा कायदा केला. कायद्यातला शब्द आहे 'काकुसेइझाई', म्हणजे जाग आणणारं औषध. त्यातलं 'काकु' हे अक्षर बुद्धाच्या बोधासाठीही लिहितात. १९५४ या एका वर्षात पंचावन्न हजारांवर माणसं पकडली गेली. शिक्षा वाढल्या, उपचारांसाठी दवाखान्यात ठेवण्याची तरतूद झाली, आणि १९५८ पर्यंत हा आकडा काही शेकड्यांवर आला. ही लाट ओसरली याचं श्रेय त्या कायद्याला दिलंच पाहिजे. पण मला एक गोष्ट सलते. दहा वर्षांपूर्वी हीच गोळी घेणं ही देशसेवा होती. औषध तेच राहिलं, आणि घेणारा मात्र कर्तव्यदक्षाचा गुन्हेगार झाला. ज्यांनी ती हातावर ठेवली, त्यांची जबाबदारी कधी नीट मोजली गेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडेही रात्रपाळ्या आहेत, रात्रभर गाडी हाकणारे ट्रकचालक आहेत, परीक्षेसाठी जागणारी मुलं आहेत. जागं ठेवणाऱ्या गोळीची गरज अशाच ठिकाणी निर्माण होते. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते व्यसनी माणूस हा रुग्ण आहे असं मानून. आपल्या घरात, शेजारात कुणी असा अडकला असेल, तर त्याला दूषणं देत बसू नका. रात्री झोप लागते का, एवढं आधी विचारा, आणि त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जा.