आकाशाचा हिशेब कसा तपासावा?



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आम्हां मंडळींना पगारपत्रक वाचण्याची सवय असते. शेवटची बेरीज जुळली म्हणून आम्ही सही करीत नाही. हजेरी, जादा वेळ, कपात असा एकेक रकाना पाहतो. कारण दोन चुका एकमेकींना झाकून बेरीज बरोबर आणू शकतात. हवेचे रसायन आणि हवामान यांचे गणित एकत्र मांडणाऱ्या संगणकी मॉडेलांनाही हाच न्याय लावावा लागतो.

असे मॉडेल पृथ्वीभोवतीच्या हवेचे खण पाडते आणि प्रत्येक खणातील वारा, उष्णता, ओझोन यांचा हिशेब पुढे पुढे नेते. तपासणीसाठी ते होऊन गेलेल्या वर्षांवर चालवितात आणि उत्तर फुग्यांनी, उपग्रहांनी केलेल्या मोजणीशी ताडतात. 2010 साली 18 मॉडेलांची अशी तपासणी प्रसिद्ध झाली. तीत किरणांची देवघेव, वारे, वायूंची वाहतूक, रासायनिक क्रिया हे रकाने निरनिराळे पाहिले होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनीही मोसमी ढग मलिन हवा किती उंच नेतात हे मॉडेलाने काढून उपग्रहाच्या नोंदींशी ताडले आहे.

लोणारकरांना हे नवे वाटू नये. आपल्या विवराचा नुसता आकार पाहून ज्वालामुखीचे मुख म्हणता येत होते. खडकांत आघाताच्या खुणा सापडल्या, आणि 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते उल्कापाताचे ठरविले. रूप जुळले, म्हणजे कारण जुळले असे नव्हे.

दुसरे विवर दक्षिण ध्रुवावरच्या ओझोनचे. ते 1985 साली जाहीर झाले, तोवरच्या गणितांनी ते वर्तविले नव्हते. अतिथंड ढगांच्या कणांवर घडणारी क्रिया त्यांत धरलीच नव्हती. जो रकानाच नाही, त्यातली चूक बेरजेत कशी दिसणार? ती उघड केली अंटार्क्टिकातील तळावर वर्षानुवर्षे नोंदी घेणाऱ्या माणसांनी. गणित सुधारले, 1987 साली माँट्रियलचा करार झाला. आज तीच मॉडेले सांगतात की, करार पाळला तर 2066च्या सुमारास तेथील ओझोन 1980च्या पातळीवर येईल.

उन्हातान्हात राबणाऱ्यांचे कामाचे तास उद्या अशाच गणितांच्या आधारे ठरतील. म्हणून एक चूक सापडताच वही फाडू नये, आणि यंत्राने सांगितले म्हणून मानही डोलावू नये. रकाने मागावेत, मोजणी मागावी, मग सही करावी.