नकाशा निळा होता, पत्रा तापला होता

(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसतंय. पृथ्वी आणि अवकाशविज्ञानाच्या डेटाची चित्रं काढायच्या विद्यार्थी स्पर्धा! हे आपल्यासाठी आहे का, हे मोठ्या संस्थांमधल्या मुलांचं काम नाही का, असं वाटणं साहजिक आहे. मलाही तसंच वाटायचं. म्हणून आधी या स्पर्धा काय असतात ते सांगते आणि मग माझीच एक चूक सांगते. त्या चुकीने मला जे शिकवलं, ते कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही.

उपग्रह रोज पृथ्वीचं मोजमाप करत असतात. कुठे किती तापलं, कुठे पाऊस पडला, समुद्राची पातळी किती, रात्री कुठे दिवे लागले. हे सगळं आपल्याकडे आकड्यांच्या रूपात येतं. कोट्यवधी आकडे. ते नुसते वाचून कुणालाही काही कळत नाही. त्यांचा नकाशा, आलेख किंवा हलतं चित्र केलं, तर शास्त्रज्ञालाही कळतं आणि आपल्या अम्मीलाही. या स्पर्धांत विद्यार्थ्यांना तेवढंच करायचं असतं. खरा डेटा घ्या, त्याला एक प्रश्न विचारा आणि उत्तर असं दाखवा की समोरच्याला समजेल.

अमेरिकन जिओफिजिकल युनियन ही पृथ्वी आणि अवकाश अभ्यासकांची मोठी संघटना. तिच्या वार्षिक अधिवेशनाशी जोडलेली अशी एक विद्यार्थी स्पर्धा आहे आणि तिला मायकेल फ्रीलिक यांचं नाव दिलेलं आहे. फ्रीलिक समुद्रशास्त्रज्ञ होते. २००६ ते २०१९ ते नासाच्या पृथ्वीविज्ञान विभागाचे प्रमुख होते. २०२० मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये समुद्राची पातळी मोजणारा एक उपग्रह त्यांच्या नावाने आकाशात गेला. या स्पर्धेतले विजेते अनेक पडदे जोडून केलेल्या नासाच्या भल्यामोठ्या भिंतीसमोर उभे राहून आपलं काम सांगतात. म्हणजे नुसतं चित्र पुरत नाही, ते बोलून समजावताही यावं लागतं.

आता माझी गोष्ट.

मी यंत्रमागाच्या शहरात वाढले. पत्र्याचे कारखाने, त्यांना लागून घरं, दिवसरात्र मागाचा खडखडाट. माझे भाई अशाच एका कारखान्यात माग चालवतात. भूगोलात एम.एस्सी. करत असताना एका स्पर्धेची सूचना लागली. विषय होता, आपल्या परिसराचा उपग्रहीय नकाशा. मी आमच्या शहराच्या उन्हाळ्यातल्या तापमानाचा नकाशा करायला घेतला.

डेटा फुकट होता. लँडसॅट उपग्रहांची मालिका १९७२ पासून सुरू आहे आणि २००८ पासून तिची चित्रं कुणालाही मोफत मिळतात. क्यूजीआयएस नावाची नकाशाची प्रणालीही फुकट. घरात संगणक नव्हता. मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, सगळे गेल्यावर उरलेल्या तासाभरात काम करायची. तीन आठवड्यांनी नकाशा तयार झाला. शहराबाहेरचं उघडं खडकाळ माळरान लालभडक, नदीकाठ हिरवा, आणि मधोमध कारखान्यांच्या पट्ट्यात निळे ठिपके. निळा म्हणजे थंड.

ते निळे ठिपके बघून मी क्षणभर थांबले होते. हे मुद्दाम कबूल करते. त्या पट्ट्यात माझं बालपण गेलं. मे महिन्यात तिथे काय होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी स्वतःला म्हटलं, उपग्रह म्हणतोय ना, मग असेल तसंच. मी नकाशाखाली लिहिलं, ‘उद्योगवस्तीचा भाग तुलनेने थंड.’ माझा दुसरा क्रमांक आला. अब्बांनी प्रमाणपत्र काचेत मढवून भिंतीवर लावलं, शेजारी नकाशाही लावला.

भाई दिवसपाळी करून घरी आले. नकाशाकडे बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, “हे निळं काय आहे?” मी म्हटलं, “थंड भाग.” ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, “उद्या दुपारी दोन वाजता माझा डबा घेऊन तू ये.”

मी गेले. सोबत थर्मामीटर नेला होता. मागाजवळ पंखा नीट लावता येत नाही, वाऱ्याने धागा तुटतो. डोक्यावर दोन हातांवर पत्रा. दहा मिनिटांत पारा आपल्या शरीराच्या तापमानाच्या वर गेला. भाईंनी डबा उघडला आणि माझ्याकडे न बघता जेवायला लागले. त्या दिवशी मला माझ्या प्रमाणपत्राची लाज वाटली.

मग चूक कुठे होती? उपग्रह खोटं बोलला का? नाही. उपग्रह तापमान थेट मोजतच नाही. वस्तूतून बाहेर पडणारे अवरक्त किरण तो मोजतो आणि त्यावरून आपण तापमान काढतो. माती, झाडं, काँक्रीट हे किरण भरपूर सोडतात. नवा चकचकीत पत्रा फारच कमी सोडतो. तो तापलेला असला तरी ‘बोलत’ नाही. माझ्या सूत्रात मी पत्र्याला मातीसारखंच धरलं होतं, म्हणून तो थंड दिसला. घरी करून बघता येईल असा प्रयोग सांगते. लांबून तापमान मोजणारी बंदूक कारखान्यांत वापरतात. ती उकळत्या पाण्याच्या चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर रोखा. आकडा खूप कमी येईल. त्याच पातेल्यावर वायरिंगची काळी चिकटपट्टी लावून पट्टीवर रोखा. खरा आकडा येईल. पातेलं तेच, पाणी तेच.

आणखी दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या नव्हत्या. लँडसॅट आपल्यावरून सकाळी दहाच्या सुमारास जातो, भाईंचा जीव दुपारी दोनला जातो. शिवाय तो छताचं तापमान सांगतो, छताखालच्या हवेचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे डेटापेक्षा आपला अनुभव खरा. थांबा. हा निष्कर्षही घाईचा आहे. याच्या अगदी उलट घडलेली एक गोष्ट सांगते.

अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर विरळ होतोय, हे १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जमिनीवरच्या उपकरणाने मोजून जाहीर केलं. नासाचा निंबस-७ उपग्रह तेव्हा वरून ओझोन मोजतच होता. त्यालाही ते कमी आकडे दिसले होते. पण आकडे इतके विचित्र होते की प्रणालीने त्यांच्यावर ‘संशयास्पद’ अशी खूण केली होती. नासातले पवन भारतिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे तपासले, त्यांचा नकाशा केला आणि त्याच वर्षी परिषदेत मांडला. दक्षिण ध्रुवावरचं ते भलंमोठं छिद्र जगाने चित्रात पाहिलं. दोन वर्षांत, १९८७ मध्ये, ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियल करार झाला.

तिथे विचित्र आकडा खरा निघाला. माझ्याकडे विचित्र आकडा फसवा निघाला. दोन्हीकडे निकाल लागला तो जमिनीवर जाऊन पडताळल्यामुळे. आकडा आला म्हणून मान खाली घालायची नाही आणि आपल्याला पटत नाही म्हणून आकडा फेकायचाही नाही. आपल्या चळवळीत आपण धर्माबद्दल, रूढींबद्दल, पुढाऱ्यांबद्दल हेच म्हणतो ना, की तपासून बघा? मग संगणकाच्या पडद्याला त्यातून सूट का द्यायची?

हे सगळं स्पर्धेला कसं लागू पडतं? चांगल्या चित्राची परीक्षा मी आता तीन प्रश्नांनी करते. पहिला, यात एकच स्पष्ट प्रश्न आहे का? दुसरा, रंग प्रामाणिक आहेत का? इंद्रधनुष्याचे सगळे रंग भरले की चित्र सुंदर दिसतं, पण जिथे आकड्यांत मोठा फरक नाही तिथेही डोळ्याला एकदम सीमारेषा दिसते. शिवाय काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्यांना तो नकाशा वाचताच येत नाही. फिक्यापासून गडदकडे जाणारी रंगांची मालिका जास्त खरी. तिसरा, या चित्रातून काय सांगता येत नाही, हे लिहिलं आहे का? माझ्या नकाशाखाली ही ओळ असती तर मी वाचले असते. ग्रेस उपग्रहांचं उदाहरण घ्या. २००२ पासून ते गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून भूजल कमी झालं का ते सांगतात, पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याबद्दल. त्यावरून तुमच्या गावच्या विहिरीचा नकाशा काढलात तर तो माझ्यासारखाच निळा ठिपका होईल.

प्रश्न कुठून आणायचे? आपल्या जगण्यातून. नासाचे मिगेल रोमान आणि येल विद्यापीठातल्या एलिनॉर स्टोक्स यांनी सणांच्या काळात शहरांचे रात्रीचे दिवे किती बदलतात, हे उपग्रहातून पाहिलं. पश्चिम आशियातल्या अनेक शहरांत रमजानच्या रात्री दिव्यांचा उजेड ५० टक्क्यांहून जास्त वाढलेला दिसला. कैरोतल्या काही अत्यंत गरीब वस्त्यांत मात्र महिनाभर फारसा फरक नव्हता. दिवे उजळले ते ईदला. बघा, विजेच्या आकड्यांतून गरिबी दिसली आणि तिचा आनंदही दिसला. रमजान माहीत असल्याशिवाय हा प्रश्न सुचलाच नसता.

तसेच प्रश्न तुमच्याकडे आहेत. दरवर्षी ईदच्या चांदवरून वाद होतो. चंद्रकोर पृथ्वीवर कुठे दिसू शकेल याचे नकाशे काढता येतात. मलेशियात काम केलेले खगोलशास्त्रज्ञ मोहम्मद इल्यास यांनी १९८० च्या दशकात हे काम मांडलं. नकाशावर ती रेषा वक्र असते आणि पश्चिमेकडच्या देशांत कोर दिसण्याची शक्यता वाढत जाते. एक चांगला नकाशा घरात लावला तर ‘तिकडे दिसला, इकडे का नाही’ या भांडणातला अर्धा आवाज कमी होईल. कोकणातल्या मुलांनी किनाऱ्याची झीज बघावी, मराठवाड्यातल्या मुलांनी पावसाच्या दोन सरींमधले कोरडे दिवस मोजावेत.

दारंही उघडी आहेत. नासाची स्पेस ॲप्स ही स्पर्धा २०१२ पासून होते. जगभरातले गट दोन दिवसांत एखाद्या आव्हानावर काम करतात आणि भाग घ्यायला पैसे लागत नाहीत. इस्रोने २०२४ मध्ये भारतीय अंतरिक्ष हॅकेथॉन सुरू केली. इस्रोचं ‘भुवन’ हे नकाशांचं दालन २००९ पासून आहे. प्रत्येक स्पर्धेच्या अटी मात्र स्वतः वाचा, कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका. मुलींना एक सांगते. घरी ‘स्पर्धा’ म्हटलं की आधी ‘कुठे जावं लागेल?’ असं विचारतात. यातलं बरंचसं काम घरून करता येतं, हे उत्तर तयार ठेवा. पण कधीतरी जावंच लागेल आणि तेव्हा जाच. माझा सगळ्यात महत्त्वाचा शोध मी डबा घेऊन कारखान्यात गेले म्हणूनच लागला.

शेवटी त्या नकाशाचं काय झालं ते सांगते. मी आयोजकांना पत्र लिहून माझी चूक कळवली. मग सूत्र दुरुस्त केलं, काही छतांवर चिकटपट्टी लावून मोजणी केली आणि नवा नकाशा काढला. तो मोहल्ल्याच्या बैठकीत दाखवला. सगळे कारखाने बदलले असं मी म्हणणार नाही. एका मालकाने पत्र्याला पांढरा रंग दिला, एवढंच झालं. भाई त्या कारखान्यात नाहीत, पण रंग द्यायला ते गेले होते.

प्रमाणपत्र मला भिंतीवरून काढायचं होतं, अब्बांनी काढू दिलं नाही. म्हणून जुना निळा नकाशाही मी तसाच ठेवला आहे आणि शेजारी नवा लावला आहे. घरी येणारे विचारतात, यातला खरा कोणता? तेव्हा मी काही बोलत नाही. भाईच सांगतात. आता त्यांना उत्सर्जन म्हणजे काय, हे माझ्यापेक्षा सोपं करून सांगता येतं.

तुमच्या नकाशाची वाट बघते. स्पर्धेला पाठवण्याआधी मात्र तो एकदा घरात दाखवा.