पडवी वगळू नका



खर्डीत गवंडी, सुतार, अभियंते व वास्तुविशारदांच्या या सभेत अध्यक्षपदाचा मान मिळाला याचा विशेष आनंद आहे, कारण मला ज्या विषयावर बोलायचे आहे तो इथल्या पाड्यांवर अजून उभा आहे. कारवीचा कूड, सागाच्या किंवा ऐनाच्या मेढी, वर आढे, आणि पाखे पुढे ओढून केलेली पडवी. चार महिने तिरपा पाऊस झोडपतो, तरी मातीने सारवलेला कूड टिकतो तो या पडवीमुळे. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. इथेच इरली निथळतात, सरपण कोरडे राहते, शेळ्या बांधल्या जातात. अनोळखी माणूस उंबरा न ओलांडताही पाहुणा होतो तो इथेच. उन्हाळ्यात भिंतीवर ऊन येत नाही आणि आढ्याखाली साठलेली गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाते.

या छपराचे कूळ शोधायचे तर मुरबाडमार्गे वैशाखऱ्याला जा आणि नाणेघाट चढून जुन्नर गाठा. तिथे तुळजा लेण्यात बारा खांबांच्या वर्तुळावर कातळात कोरलेला घुमट आहे. लोणावळ्याजवळ कार्ल्याचे चैत्यगृह तर सुमारे 38 मीटर लांब, वर गजपृष्ठाकार छत, आणि छताला लाकडाच्या वाकदार फासळ्या. या फासळ्या कसलाही भार पेलत नाहीत. छत डोंगराचेच आहे, ते आधाराविना उभे राहिले असते. मग दोन हजार वर्षांपूर्वी त्या का बसवल्या? मला वाटते, कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वाकवलेल्या लाकडांवर शाकारलेले छप्पर होते आणि फासळ्यांवाचून त्यांना ते दालन पुरेच वाटेना. कमानदार छताचे श्रेय आपण राजेरजवाड्यांना देतो. त्याचा पहिला मान सुताराचा आहे.

आपल्याच जिल्ह्यातले अंबरनाथचे शिवालय घ्या. शके 982 म्हणजे 1060 सालचा शिलाहारकालीन शिलालेख तिथे आहे. मंडपाला तीन बाजूंनी मुखमंडप आहेत. देवाकडे जाणाराही आधी सावलीत थांबतो. आतले छत रचताना दगडाचा एकेक थर खालच्या थराहून थोडा आत सरकवला आहे. खऱ्या कमानीत दगड एकमेकांना रेटतात आणि तो रेटा बाजूच्या भिंतींवर येतो, म्हणून भिंती जाड लागतात. अंबरनाथच्या रचनेत मागचे वजनच पुढे आलेल्या दगडाला दाबून धरते. हे गणित ज्यांनी हाताने जाणले त्यांच्या जिल्ह्यात आज बंगल्यांच्या पोर्चना प्लास्टरच्या पोकळ कमानी चिकटवल्या जातात, हे पाहवत नाही. कमान करायची तर विटांची, भार घेणारी करा.

पण खरा प्रश्न बंगल्यांचा नाही, घरकुलांचा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर आहे, स्वयंपाकाची जागा धरून. पैसे अपुरे पडले की कात्री आधी पडवीवर चालते. सपाट स्लॅब चैत्रात तापतो, आषाढात पाऊस थेट दारात येतो. मग लोक स्वतःच दारापुढे बांबू रोवून निळे प्लास्टिक ताणतात. ज्यांना आपण पक्के घर दिले म्हणतो, त्यांना पडवी स्वतः शोधावी लागते, ही आपल्या व्यवसायाची उणीव आहे.

म्हणून नकाशा आखणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे. पावसाचा मारा जिकडून येतो त्या बाजूला निदान पाच फुटांची पडवी आधी काढा, खोल्या मग बसवा. तेवढ्यापुरता स्लॅब नको. जुन्या घराची उतरवलेली कौले आणि धड असलेले वासे पडवीला पुरतात, ते भंगारात जाऊ देऊ नका. पाड्यावरच्या सुताराला हे काम येते, त्याची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी दाखवा. आजच्या ठरावांत हा ठराव पहिला घ्यावा आणि शहापूर व मुरबाड या दोन्ही पंचायत समित्यांकडे तो याच महिन्यात पोचवावा, अशी सूचना मी अध्यक्ष या नात्याने मांडतो.