डिजिटल निगेटिव्ह : फोटो काढणं आणि फोटो राखणं

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यान-कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी कुणी संतसाहित्यावर बोलतं, कुणी आरोग्यावर. या वेळी कार्यवाहांनी आम्हाला पकडलं. आम्हाला म्हणजे मंडळाचे फोटो काढत हिंडणाऱ्या आम्हा चार-पाच जणांना. ‘तुम्ही दहा दिवस मांडवात आडवे-उभे होऊन हजारो फोटो काढता, ते शेवटी जातात कुठे, एवढं तरी सांगा,’ असं ते म्हणाले. टोमणा होता, पण प्रश्न खरा होता. त्याचं प्रामाणिक उत्तर द्यायला आज उभे आहोत.

आपल्या भागात हे पंधरा-वीस दिवस म्हणजे फोटो काढणाऱ्याची सुगीच. पोळ्याला झुली घातलेले बैल, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार, जाम नदीच्या पात्रात रोवलेलं पळसाचं झाड, त्यावरचा झेंडा, अल्याड पांढुर्णा आणि पल्याड सावरगावची गर्दी. त्यानंतर दोन दिवसांत हरतालिका, मग स्थापना, महालक्ष्म्या, विसर्जन. हे सगळं कॅमेऱ्याच्या एकाच कार्डात गोळा होतं. आणि इथेच निर्णयाची वेळ येते : कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो ठेवायचा, की त्याआधीचा कच्चा माल?

या कच्च्या मालालाच ‘रॉ फाइल’ म्हणतात. ज्येष्ठांना समजायला हे सोपं आहे. पूर्वी स्टुडिओत फोटो काढला की फोटोच्या मागे किंवा पाकिटावर पेन्सिलीने एक नंबर लिहिलेला असे. दहा वर्षांनी आणखी एक प्रत हवी झाली की तो नंबर सांगायचा. फोटोवाला निगेटिव्ह शोधून नवी प्रत काढून द्यायचा. घरातली प्रत पिवळी पडली, फाटली, तरी निगेटिव्ह शाबूत होती. रॉ फाइल ही आजची निगेटिव्ह, आणि व्हॉट्सॲपवर फिरतो तो जेपेग म्हणजे छापून दिलेली प्रत.

आतून हे कसं चालतं, तेही थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर प्रकाश मोजणारे कोट्यवधी बारीक कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकाच रंगाची गाळणी असते. निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या. ही मांडणी कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट १९७६ सालचं. म्हणजे एका कप्प्याला एकच रंग ठाऊक असतो. उरलेले दोन रंग शेजारच्या कप्प्यांवरून हिशेबाने भरावे लागतात. रॉ फाइलमध्ये ही मोजमापं जशीच्या तशी असतात, हिशेब अजून व्हायचा असतो. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने तो हिशेब आपल्या मनाने करून टाकलेला असतो. रंग ठरवले, उजेड-सावली ठरवली आणि फाइल लहान व्हावी म्हणून उरलेलं फेकून दिलं.

फेकतो किती? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला अंधारापासून उजेडापर्यंत २५६ पायऱ्या असतात. १२ बिटांच्या रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. आपण संत्र्याच्या मुलखातले लोक, तेव्हा आपल्या भाषेत सांगायचं तर संत्र्याचा रस काढता येतो, पण रसाचं पुन्हा संत्रं करता येत नाही.

याचा उपयोग मांडवात रोज दिसतो. बाप्पाच्या अंगावर शेंदरी-लाल शेला, गळ्यात झेंडूचा हार, मागे निळे-जांभळे एलईडी, वरून पिवळा बल्ब. कॅमेरा गोंधळतो. लाल रंग इतका भरून जातो की शेल्याच्या चुण्या दिसेनाशा होतात आणि नुसता लाल डाग उरतो. जेपेगमध्ये तो डाग कायमचा. रॉमध्ये बहुतेक वेळा चुण्या शिल्लक असतात, त्या बाहेर काढता येतात. पांढरा रंग कोणता धरायचा, हेही रॉमध्ये नंतर सावकाश ठरवता येतं. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याने जे ठरवलं, ती फक्त फाइलसोबत लिहिलेली एक टीप असते.

पण रॉ म्हणजे जादू नव्हे. उजेडाने जे पूर्ण पांढरं फटक झालं ते परत येत नाही. गोटमारीत शटरचा वेग कमी राहिला आणि दगड हवेत पुसट झाला, तर तो रॉमध्येही पुसटच राहणार. मात्र उलटही घडतं. एका वर्षी हवेत थबकलेल्या दगडाचा फोटो आम्ही मांडवात लावला, तर एक गृहस्थ म्हणाले, ‘कॉम्प्युटरवर चिकटवलाय.’ आम्ही रॉ फाइल उघडून दाखवली, तेव्हा त्यांचं समाधान झालं. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या जागतिक स्पर्धेतही अंतिम फेरीतल्या छायाचित्रकारांकडून मूळ फाइल मागवतात, ती याच कारणासाठी.

आता आमची चूक सांगतो. नागपूर–छिंदवाडा छोटी गाडी आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली आहे, सौंसर स्टेशनवर धावत पकडली आहे. २०१५ च्या अखेरीस मोठी लाइन टाकण्यासाठी ती बंद झाली. शेवटच्या दिवसांत आम्ही सगळे कॅमेरे घेऊन स्टेशनवर गेलो. मंडळातले बरेच जुने लोकही आले होते. कार्ड लहान होतं, फोटो जास्त मावावेत म्हणून आम्ही कॅमेरा छोट्या जेपेगवर ठेवला. मावळतीचा सूर्य गाडीच्या मागे होता. घरी येऊन पाहिलं तर डबे सुंदर, आभाळ सुंदर आणि माणसांचे चेहरे काळेकुट्ट. उजळवायला गेलो तर चेहऱ्यांच्या जागी ठिपके आणि चौकोन आले. गाडी गेली ती गेलीच, पुन्हा फोटो काढायची सोय नव्हती.

आमच्यातल्या एकाच्या कॅमेऱ्यावर मात्र चुकून रॉ लागलेलं होतं. त्या वेळी तो वैतागला होता, कारण त्याच्या कॉम्प्युटरवर त्या फाइली उघडतच नव्हत्या. त्या तशाच एका डिस्कमध्ये पडून राहिल्या. नऊ वर्षांनी आम्ही त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. सावली उजळली आणि डब्याच्या दारात हसत उभे असलेले मंडळाचे एक जुने कार्यकर्ते दिसले. ते आता हयात नाहीत. त्यांच्या घरी भिंतीवर आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून लावलेला होता. आम्ही नवा फोटो नेऊन दिला. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, ‘हे असे हसायचे.’

त्या दिवशी आम्हाला दोन गोष्टी कळल्या. कच्ची फाइल काळाबरोबर जुनी होत नाही, उलट ती उघडणारी हत्यारं सुधारत जातात आणि त्याच फाइलमधून जास्त निघतं. दुसरी गोष्ट, ती फाइल सापडली ही आमची हुशारी नव्हती, निव्वळ नशीब होतं. म्हणून उरलेला वेळ नशिबावर काय सोडू नये, यावर बोलतो.

पहिलं, रूपांतर. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी. कॅननची सीआर२ किंवा सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. ती उघडायला कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मुक्त सॉफ्टवेअरंही उत्तम आहेत. डेव्ह कॉफिन नावाच्या एका माणसाने १९९७ मध्ये डीसीरॉ हा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि पुढे शेकडो कॅमेऱ्यांच्या फाइली त्यातून उघडू लागल्या. अशा अनेक सॉफ्टवेअरच्या मुळाशी त्याची मेहनत आहे. ॲडोबीने २००४ मध्ये डीएनजी नावाचा प्रकार आणला. त्याची रचना जाहीर असल्याने कुणालाही तो वाचणारं सॉफ्टवेअर लिहिता येतं. आमची पद्धत अशी : मूळ रॉ कधीही पुसायची नाही. ज्या कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर मिळेनासं होईल अशी शंका येते, त्याच्या फाइलींची डीएनजी प्रत जोडीला करून ठेवायची.

छपाईसाठी आणि मोबाइलसाठी वेगवेगळ्या प्रती काढाव्यात. स्मरणिकेचं पूर्ण ए-फोर पान छापायचं तर ३०० डीपीआयने साधारण २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत तेवढे नसतात. दरवर्षी संपादक मंडळ आमच्यावर रागावतं, त्याचं कारण हेच. कृपा करून स्मरणिकेसाठी फोटो देताना मूळ फाइल द्या. निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

दुसरं, नावं. कॅमेरा फाइलींना नंबर देतो आणि ९९९९ झाले की पुन्हा ०००१ पासून सुरू करतो. एका वर्षी विसर्जनाच्या फोटोंनी त्याच नंबरांच्या महालक्ष्म्यांच्या फोटोंची जागा घेतली आणि महालक्ष्म्या कायमच्या गेल्या. तेव्हापासून फोल्डरला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग, असं नाव देतो. कॉम्प्युटर ते आपोआप क्रमाने लावतो. पण आपले सण तिथीने चालतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने चतुर्थी १९ सप्टेंबरला आली, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणून नुसती तारीख पुरत नाही. ‘स्थापना’, ‘गोटमार’, ‘महालक्ष्म्या’ असा शब्द हवाच.

त्याहून महत्त्वाची फोटोतल्या माणसांची नावं. फाइलमध्येच मजकूर लिहायची सोय असते, मराठीतही लिहिता येतं. उत्सवानंतरच्या पहिल्या रविवारी एखादे आजोबा-आजी शेजारी बसवा, चहा द्या आणि विचारा, ‘हे कोण?’ आज ज्यांना सगळे ओळखतात, त्यांना तीस वर्षांनी कुणी ओळखणार नाही.

तिसरं, दुरुस्त्यांची नोंद. रॉवर काम करताना मूळ फाइल बदलत नाही. काय बदल करायचे त्याची यादी वेगळी राहते. बहुतेक वेळा एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये. फोटो हलवताना ही जोडीदार फाइलही सोबत न्यावी. आणि सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये फोटो दिसतो म्हणून मूळ फाइल पुसू नये. कॅटलॉग म्हणजे ग्रंथालयातली कार्डांची पेटी. पुस्तकं कपाटातच असतात.

चौथं, प्रती. २४ मेगापिक्सेलची एक रॉ साधारण २५ ते ३० एमबी. उत्सवाचे तीन हजार फोटो म्हणजे ८० जीबीच्या आसपास. म्हणून आधी निवड करावी. एकाच आरतीचे चाळीस फोटो ठेवण्यात अर्थ नाही. निवडलेल्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, असा जगभर मानलेला नियम आहे. आपल्याला तर हे फार सोपं आहे. एक प्रत पांढुर्ण्याला, एक सौंसरला आणि एक नागपुरात किंवा पुण्यात शिकणाऱ्या पोराकडे. वर्षातून एकदा तिन्ही उघडून पाहायच्या. कपाटात बंद असलेली डिस्क शाबूत आहे, हे ती उघडल्याशिवाय कळत नाही.

निष्काळजीपणाची किंमत मोठ्या लोकांनाही चुकली नाही. दादासाहेब फाळके आधी छायाचित्रकार होते, सिनेमाकडे नंतर वळले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, चार रिळांचा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातली पहिली आणि शेवटचीच रिळं उरली, आणि तीही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. ते संग्रहालयच मुळात १९६४ चं. भारताच्या पहिल्या कथापटाची ही गत, तर आपल्या मांडवाची काय कथा?

आणि आपली गोष्ट थोडी वेगळीही आहे. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर त्यात एकत्र आले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, असं आपलं चाललंय. आपल्या पोळ्याची, महालक्ष्म्यांची, या मांडवातल्या माणसांची नोंद भोपाळ ठेवेल की मुंबई, याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ती आपणच ठेवायची आहे.

म्हणून मंडळापुढे एक विनंती ठेवतो. पुढच्या उत्सवाच्या जमा-खर्चात दोन डिस्कचा खर्च मांडावा. प्रत्येक घराने आपल्याकडचे जुने फोटो, स्टुडिओच्या पाकिटातल्या निगेटिव्ह, विसरलेली मेमरी कार्डं घेऊन यावी. काहीही पुसू नका, ‘उघडत नाही’ म्हणून तर मुळीच नाही. उघडायचं काम आमचं. दोन तरुण मुलं-मुली आमच्या हाताखाली द्या, म्हणजे आमच्यानंतरही हे चालू राहील.

कार्यवाहांनी विचारलं होतं, फोटो जातात कुठे. खरं उत्तर, आजवर बरेचसे गेलेच. यापुढे जाऊ नयेत, एवढीच बाप्पाचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!